काटकसरीलाही भांडवल लागते : १९७२ चा दुष्काळ आणि मराठवाड्यातील धान्याचा हिशोब

१/
मराठवाड्यातील घरात ताटात भाकरीचा तुकडा उरला की एखादे वडीलधारे माणूस हमखास म्हणते, “तुम्ही बहात्तर पाहिला नाही.” शतक सांगावे लागत नाही आणि दुष्काळ हा शब्दही उच्चारावा लागत नाही. नुसता आकडा पुरतो. तुटपुंज्या पैशांत घरचे धान्य आणि किराणा भागवण्याच्या कोणत्या रीती आपल्याकडे होत्या आणि १९७२ साली त्या सगळ्या एकाच वेळी का कोलमडल्या, हा या धाग्याचा विषय आहे.

२/
कमी खर्चात किराणा कसा भरावा, याचे सल्ले आज सर्वत्र मिळतात. हंगामात घ्या, घाऊक घ्या, महाग जिन्नसाऐवजी स्वस्त जिन्नस वापरा, उधारी टाळा, अन्न वाया घालवू नका. सल्ले चुकीचे नाहीत. मात्र मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या घराला यातले एकही सूत्र नवे नव्हते. कित्येक पिढ्या ती पाळली जात होती. मग इतकी काटकसर अंगी मुरलेल्या समाजाला एका कोरड्या पावसाळ्यानंतर रस्त्यावर खडी फोडायला का जावे लागले?

३/
आधी स्थळकाळ पाहू. १९७२ मध्ये मराठवाड्यात पाच जिल्हे होते : औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते. त्याचा वेगळा जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली होती, पण धरणाचे उद्घाटन व्हायला १९७६ उजाडायचे होते. म्हणजे गोदावरी उशाला असूनही बहुतेक शेती आभाळाकडे डोळे लावून होती. पीक मुख्यतः ज्वारी आणि बाजरी.

४/
त्या काळी ‘किराणा’ शब्दाचा अर्थही मर्यादित होता. मीठ, गूळ, चहा, तेल, रॉकेल, काडेपेटी एवढ्यांसाठी दुकानाची पायरी चढावी लागे. धान्य बहुतांशी शेतातून येई किंवा मजुरी म्हणून मिळे. सालगड्याचा पाडव्याला होणारा करार रोख रकमेसोबत धान्यावरही ठरे. बलुतेदाराला खळ्यावर वाटा मिळे. या व्यवस्थेत पोटाची थोडी हमी होती, पण ती जातीच्या उतरंडीला बांधलेली होती. कोणाला किती आणि कोणत्या वागणुकीसह धान्य मिळणार, हे देणारा ठरवी. त्या व्यवस्थेची हळहळ वाटण्यापूर्वी हे ध्यानात असू द्यावे.

५/
पहिली रीत : वेळ साधणे.

रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, साधारण माघ-फाल्गुनात घरात येते. तेव्हा धान्य मुबलक आणि भाव उतरलेला असतो. आषाढ-श्रावणात साठे संपतात आणि भाव चढतो. त्यामुळे सुगीत वर्षाचे धान्य भरून ठेवणे ही सर्वांत मोठी बचत. त्यासाठी कणगी होती, भिंतीत बांधलेले बळद होते आणि जमिनीखालचे पेव होते. कणगीत कडुनिंबाचा पाला आणि राख घालून किडीला अटकाव केला जाई.

६/
पेवाचे शास्त्र मोठे विलक्षण आहे. घट्ट मुरमाड जमिनीत खड्डा खणून त्याला आतून कडब्याचे किंवा गवताचे अस्तर लावत, धान्य ओतत आणि तोंड मातीने बंद करीत. बंद जागेत धान्याच्या व किडीच्या श्वसनाने प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि कीड मरते. त्याच कारणाने पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे जिवावर बेतू शकते. आधी हवा खेळू द्यावी लागते. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो. त्यामागे असे भरलेले धान्य आहे.

७/
पण पेव भरायला आधी उरलेले धान्य हवे. ज्याला जमीन नाही किंवा जिरायतीचे दोन एकरच आहेत, त्याची कणगी उन्हाळ्यातच तळ दाखवी. मग पेरणीच्या सुमारास धान्य उसने आणायचे आणि सुगीत वाढीव परत करायचे. या वाढीला नावे होती : सवाई आणि दिढी. आषाढात चार पायल्या आणल्या तर सवाईने पाच आणि दिढीने सहा पायल्या परत. सुगीतल्या धान्यातून आधी सहा पायल्या मोजून दिल्यावर उरलेले पुढल्या आषाढापर्यंत पुरणार कसे? म्हणून पुन्हा उसनवारी.

८/
गावाच्या दोन टोकांना राहणारी दोन कुटुंबे समोर आणा. दोघांच्या चुलीवर तीच ज्वारी आहे आणि दोन्ही घरांतील बाई सारखीच नेटकी आहे. पेव असलेल्या घराला चार पायल्यांसाठी चारच पायल्या लागल्या. पेव नसलेल्या घराला सहा. या दोन पायल्यांच्या फरकात उधळपट्टीचा दाणाही नाही. एका घरापाशी सहा महिने थांबण्याची ऐपत होती आणि दुसऱ्यापाशी नव्हती, एवढेच. काटकसरीलाही भांडवल लागते, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

९/
दुसरी रीत : जिन्नस बदलणे.

गहू सणाला, भात पाहुण्याला आणि ज्वारी रोजची, ही उतरंड ठरलेली. त्याखालीही पायऱ्या होत्या. भाकरीऐवजी कण्या, कण्यांऐवजी अंबील. डाळ परवडेना तेव्हा हुलग्याचे माडगे. भाजीऐवजी बांधावरचा तांदुळजा, घोळ, पाथरी, तरोटा. कोरड्यासाला जवसाची किंवा कारळ्याची चटणी. यांतील कित्येक पदार्थ आज हौसेने आणि चढ्या भावाने खाल्ले जातात. त्यांचा जन्म मात्र हिशोबातून झालेला आहे.

१०/
मराठवाड्याचे येसर हा या हिशोबाचा सुंदर नमुना. गहू, ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ आणि मसाले भाजून दळलेले हे पीठ वर्षभर टिकते. दोन चमचे येसर पाण्यात कालवून फोडणीला टाकले की डाळ न शिजवता दाट आमटी तयार होते. डाळ वाचते, सरपण वाचते आणि वेळही वाचतो. दिवसभर रानात खपून आलेल्या बाईच्या दृष्टीने तिसरी बचत बहुधा सर्वांत मोठी होती.

११/
पोषणाच्या दृष्टीने हा बदल वावगा नव्हता. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३५० उष्मांक आणि १० ग्रॅम प्रथिने असतात. गव्हाचे उष्मांकही जवळपास तेवढेच. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी पडते, ते डाळीत भरपूर असते. म्हणून भाकरी आणि वरण, भाकरी आणि पिठले ही जोडी अनुभवाने जुळलेली आहे. तेवढ्याच पैशांत अधिक पोषण देणारा आहार शोधणे सोपे नव्हते.

१२/
ही जोडी तुटली की मात्र किंमत शरीराला मोजावी लागे. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत (पुढची राष्ट्रीय पोषण संस्था) सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांतील पेलाग्रा या रोगावर संशोधन प्रसिद्ध केले. त्वचा काळवंडणे आणि सोलवटणे, जुलाब, मानसिक विकार ही त्याची लक्षणे. ज्वारीतील ल्युसिनचे प्रमाण हे कारण त्यांनी सुचवले. त्यावर पुढे वादही झाला. इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट पुरेशी आहे. हा रोग डाळ, दूध आणि भाजी परवडत नसलेल्या, जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या माणसांना होत होता. स्वस्त जिन्नसाकडे वळण्याला एक तळ असतो. त्याखाली गेले की बचत संपते आणि कुपोषण सुरू होते.

१३/
तिसरी रीत : खरेदीची जागा बदलणे.

आठवडी बाजारात किंवा शहराच्या मोंढ्यात पोत्याने घेतलेले धान्य गावच्या दुकानापेक्षा स्वस्त पडे. (धान्याच्या घाऊक बाजाराला ‘मोंढा’ म्हणणे ही आपल्या भागाची खूण.) पण पोत्याला रोख लागते आणि बाजारात जायला मजुरीचा एक दिवस मोडावा लागतो. रोज कमावून रोज खाणारा माणूस चार आण्यांचे तेल आणि मूठभर डाळ खात्यावर मांडून नेई. किरकोळ माप, चढा भाव आणि उधारीमुळे दुकानदार बदलण्याचीही सोय नाही. अशा रीतीने सर्वांत कमी पैसे असलेला माणूस एकेका शेरामागे सर्वांत जास्त पैसे देत असे.

१४/
या हिशोबाला शास्त्रीय आधारही त्याच सुमारास मिळत होता. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळण्यास किती खर्च लागतो, हा त्यांचा प्रश्न होता. १९६०-६१ च्या किमतींनुसार त्यांचे उत्तर ग्रामीण भागात माणशी महिना सुमारे १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपयांच्या आसपास असे आले. ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली होते. एवढ्या लोकांना पोटभर खाणेच परवडत नव्हते, तर काटकसर कशात करणार?

१५/
आता १९७२ कडे वळू. १९७० आणि १९७१ ही दोन्ही वर्षे राज्याच्या मोठ्या भागात वाईट गेली होती. त्यावर १९७२ चा पावसाळा कोरडा गेला आणि वर सांगितलेल्या तिन्ही रीती एकदम निकामी झाल्या. दोन वर्षांत पेवे रिकामी झाली होती, त्यामुळे साठा नाही. ज्वारीसोबत बाजरी, हुलगा आणि बांधावरची भाजीही करपली, त्यामुळे पर्यायी जिन्नस नाही. शेतात काम नाही म्हणून मजुरी नाही, आणि परतफेडीची आशा नसल्यामुळे दुकानात उधारीही नाही.

१६/
उरला एकच मार्ग : घरातले विकणे. बैल, भांडी, डागदागिने. पण सारा गाव एकाच आठवड्यात बैल बाजारात नेऊ लागला तर बैलाचा भाव पडतो आणि त्याच आठवड्यात धान्याचा भाव चढतो. एका बैलाच्या बदल्यात मिळणारी ज्वारी दर बाजारागणिक घटत जाते. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात नेमकी हीच गोष्ट मांडली. माणसे उपाशी मरतात, तेव्हा प्रश्न धान्य आहे की नाही एवढाच नसतो; ते विकत घेण्याची ताकद कोणापाशी उरली आहे, हाही असतो.

१७/
ही ताकद नाहीशी झाली की काय होते, हे दख्खनने शंभर वर्षांपूर्वी पाहिले होते. १८७६-७८ च्या दुष्काळात औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते. शेजारचा मुंबई इलाखा इंग्रजांच्या ताब्यात. व्हाइसरॉय लिटन यांनी पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. त्यातून १,६०० च्या आसपास उष्मांक मिळतात. दांडेकर-रथांचे २,२५० आठवा, आणि ही माणसे दिवसभर दगड-माती वाहत होती हेही आठवा.

१८/
ही देखील एक काटकसरच होती, फक्त ती सरकारी तिजोरीची होती आणि मजुराच्या ताटातून केलेली होती. मुंबई इलाख्यातील मजुरांनी १८७७ मध्ये कामे सोडून तिचा निषेध केला आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. कमी खर्चात कसे जगावे, हा प्रश्न कोण कोणाला विचारतो आहे यावर त्याचा अर्थ ठरतो, हे त्या वर्षाने शिकवले.

१९/
१९७२-७३ मध्ये चित्र वेगळे दिसते. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत राज्यभर दुष्काळी कामे उघडली गेली : रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, विहिरी, खडी फोडणे. मे १९७३ मध्ये या कामांवरील माणसांची संख्या ५० लाखांच्या घरात पोहोचली. स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. हातात आठवड्याची मजुरी, कामावर सुकडी आणि शिधावाटप दुकानात मिलो, या तीन गोष्टींवर त्या वर्षीची चूल पेटली.

२०/
मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. शाळूच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीवर वाढलेल्या माणसांना ती आवडली नाही. पिठाला चिकटपणा नव्हता, थापताना भाकरी तुटे, रंग तांबूस आणि चव उग्र, असे त्या पिढीतील लोक सांगतात. सुकडी हा कोरडा, गोडसर पौष्टिक खाऊ. कामावरच्या मजुराला आणि लेकरांना तो वाटला जाई. पदराच्या गाठीत बांधून घरी नेलेली सुकडी हा त्या पिढीच्या आठवणींचा एक ठेवा आहे. तिच्याविषयी बोलताना अनेकांच्या आवाजात गोडी आणि लाज एकत्र येते.

२१/
याच काळात जगभर धान्य महागत होते. १९७२ मध्ये सोव्हिएत संघाने अमेरिकेकडून प्रचंड प्रमाणात धान्य खरेदी केले आणि जागतिक भाव उसळले. १९७३ च्या अखेरीस तेलाचे संकट आले. भारतातील घाऊक किमती १९७३-७४ मध्ये सुमारे २० टक्क्यांनी आणि १९७४-७५ मध्ये सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या. पैठण किंवा अंबड तालुक्यातील चुलीवरच्या भाकरीचा आकार असा दूर देशांतील सौद्यांनीही ठरत होता.

२२/
अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे महाराष्ट्राच्या या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. धान्याचे उत्पादन भयंकर घटले आणि लोकांचे खाणेही घटले, पण ती घट वेगवेगळ्या थरांत बऱ्याच समान रीतीने वाटली गेली. तिचा सगळा भार भूमिहीनांवर पडला नाही. शिधावाटप दुकानातले धान्य गरजेच्या मानाने अपुरेच होते. मजुरांच्या हाती आठवड्याचे पैसे आल्यामुळे, आंतरराज्य वाहतुकीवर निर्बंध असतानाही बाहेरचे धान्य या भागाकडे ओढले गेले.

२३/
येथे सावध राहायला हवे. १९४३ च्या बंगालमध्ये सरकारी चौकशी आयोगाच्या अंदाजानेच सुमारे १५ लाख माणसे मेली. इतर अंदाज याच्या दुप्पट आहेत. त्या प्रमाणावरचा संहार महाराष्ट्रात टळला, हे खरे. पण गुरे मेली, गावे रिकामी झाली, शाळा सुटल्या आणि अनेक कुटुंबे मुंबईच्या झोपडपट्टीत कायमची स्थिरावली. मजुरी उशिरा मिळणे, मोजमापात लबाडी होणे याच्या तक्रारी होत्याच. ‘यशस्वी दुष्काळ-निवारण’ हे शब्द लिहिताना लेखणी जरा अडखळली पाहिजे.

२४/
आणि घराच्या आतला हिशोबही पाहिला पाहिजे. घरात भाकऱ्या कमी असल्या तर कोणाच्या वाट्याची कमी होते? आधी पुरुष, मग मुले, शेवटी बाई, हा क्रम सर्वांना ठाऊक होता. दिवसभर खडी फोडून आल्यावर मिलो दळणे, पाणी शोधणे, सरपण गोळा करणे हे काम तिचेच. घर काटकसरीने चालले असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा एका बाईने अधिक काम करून कमी खाल्लेले असते. कोणत्याही दफ्तरात याची नोंद सापडत नाही.

२५/
नोंद सापडते ती रस्त्यावर आलेल्या स्त्रियांची. सप्टेंबर १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांतील स्त्रिया तिच्यात एकत्र आल्या. थाळ्या आणि लाटणी घेऊन हजारो गृहिणींनी मोर्चे काढले. मागणी साधी होती : रोजच्या गरजेच्या वस्तू रास्त भावात आणि खात्रीने मिळाव्यात. किराण्याची यादी प्रथमच स्वयंपाकघरातून सचिवालयाकडे निघाली होती.

२६/
ग्रामीण भागातील अनुभवातून एक कायदा घडला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधीपासून पुरस्कारलेली ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना दुष्काळाने अपरिहार्य ठरवली. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसवला गेला. शहरातील नोकरदाराच्या पगारातून दरमहा कापली जाणारी ती छोटी रक्कम खेड्यातील मजुराच्या कामासाठी होती. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याची एक मोठी मुळी येथे आहे.

२७/
शहरी मध्यमवर्गाने निराळी वाट काढली. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. संगीतकार सुधीर फडके तिच्या उभारणीत होते. रीत अशी : एका वस्तीतील काही कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, संस्थेने घाऊक खरेदी करायची आणि एका सदस्याच्या घरी माल उतरला की सर्वांनी मिळून वाटून घ्यायचा. एकट्याला न परवडणारे पोते दहा घरांना परवडते, हे यामागचे साधे गणित. त्यालाही महिन्याचा ठरलेला पगार लागत होता, हे विसरू नये.

२८/
एकत्र येऊन खर्च वाटून घेण्याचे हे गणित आपल्या शहराला नवे नाही. बेगमपुऱ्याजवळची पाणचक्की आपण पर्यटनस्थळ म्हणून ओळखतो. बाबा शाह मुसाफिर या सूफी संताच्या खानकाहशी जोडलेली ही चक्की अठराव्या शतकातील. उत्तरेकडील डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी उंचावरून पडे, त्याने चक्र फिरे आणि येथे उतरणाऱ्या यात्रेकरूंसाठी, फकिरांसाठी धान्य दळले जाई. घरोघरी पहाटेचे तास जात्यावर खर्ची पडत त्या काळात, परक्या माणसाच्या भाकरीचे पीठ शहरातले पाणी दळून देत होते.

२९/
विद्यापीठाकडे जाताना मी ही चक्की अनेकदा ओलांडतो. या शहरात शिकायला आलो तेव्हा पहिले काही महिने मी ज्वारीचे पीठ किलोकिलोने आणत होतो, कारण कट्टा घ्यायला एकदम पैसे नसत. ते महाग पडते हे मला कळत होते, पण कळून उपयोग नव्हता. पुढे खोलीत आम्ही चौघे झालो, महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसे एकत्र केले आणि मोंढ्यातून कट्टा आणला. माझ्या शहाणपणात तसूभर वाढ झाली नव्हती. सोबतीला तीन माणसे आली होती.

३०/
म्हणून १९७२ चा धडा मी असा वाचतो. काटकसर हे खरेखुरे कौशल्य आहे आणि आपल्या आज्या-पणज्यांपाशी ते विपुल होते. पण साठवायला धान्य, थांबायला वेळ आणि एकरकमी द्यायला पैसे असल्याशिवाय हे कौशल्य वापरता येत नाही. ज्याच्यापाशी यांतले काहीच नाही, त्याच्यासाठी ही सोय समाजाने करावी लागते : कधी शिधावाटप दुकान म्हणून, कधी कामाची हमी म्हणून, कधी दहा घरांचे एक पोते म्हणून. गरिबाला “जपून खर्च कर” असे सांगण्यापूर्वी, त्याच्या घरात जपून ठेवण्याजोगे काही आहे का, हे पाहावे.

३१/
शेवटी एक विनंती. बहात्तर पाहिलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. आपल्या घरी अशी कोणी आजी-आजोबा, आत्या, मावशी असतील तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. मिलोची भाकरी कशी थापत होता, सुकडी कोणाला मिळे, कामावर आठवड्याला किती पैसे येत आणि त्यांतून पहिल्यांदा काय आणले जाई, हे विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा. दफ्तरखान्यात कामांची आणि मजुरांची संख्या सापडेल. शेवटची भाकरी कोणी कोणासाठी ठेवली, हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे.

(धागा समाप्त)